पानं गळालेल्या जंगलातले राऊंडसाहेब

झाडाचं पान पाहून नाव सांगणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं, असं आमच्या राऊंडसाहेबांचं ठाम मत होतं. फूल पाहून सांगणं त्याहून वाईट. ते म्हणजे पेपर फोडणं. आणि फळ पाहून सांगणाऱ्याशी ते बोलतच नसत. "आंबा लटकून राह्यला अन् तू म्हनतं आंब्याचं झाड. यात तुयी काय हुशारी?" एवढं विचारून पुढे चालू लागत.

हुद्द्यानं ते वनपाल. चार-पाच बीट, म्हणजे एकेका वनरक्षकाकडचे जंगलाचे तुकडे, मिळून एक राऊंड होतो, त्या राऊंडचे ते प्रमुख, म्हणून आसपासची सगळी गावं त्यांना राऊंडसाहेब म्हणायची. मी त्यांच्या हाताखाली नवी वनरक्षक म्हणून रुजू झाले. पांढरकवड्याहून जंगलाच्या अंगानं वीसेक किलोमीटर आत आमचं ठाणं होतं. मी बाभुळगावची, घरी कापूस-तुरीची शेती, यवतमाळला राहून वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलेलं आणि कॉलेजात पहिली आलेली. दोनशे झाडांची वाळलेली पानं मी स्वतःच्या हातानं जाड कागदांवर चिकटवली होती, खाली लॅटिन नावं लिहिली होती. मला झाडं येतात असा माझा समज होता. राऊंडसाहेबांनी तो पहिल्याच दिवशी, सकाळी अकराच्या आत, काढून टाकला.

फाल्गुन सरत आला होता. आमचं जंगल त्या दिवसांत नुसत्या काड्यांचं असतं. साग, ऐन, तेंदू, सगळे उघडेबोडके. खाली पाचोळा घोट्यापर्यंत. ते पुढे, मी मागे. एका झाडापाशी थांबून त्यांनी विचारलं, "हे कोन होय?"

झाडाला ते कधी 'काय' म्हणत नसत. नेहमी 'कोण'.

मी वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. खाली पाचोळ्यात पाहिलं, तर त्यांनी बुटानं पाचोळा बाजूला सारला.

"खाली नको पाहू. ते दुसऱ्याचंबी असू शकते. हवेनं आलेलं. याले पाह्य."

त्याला पाहिलं. खोड होतं. राखाडी. मला तेवढंच दिसलं. पुढच्या झाडाचंही राखाडी. त्याच्या पुढच्याचंही. अठरा झाडं त्यांनी विचारली आणि मला एकच सांगता आलं, ते म्हणजे पळस, कारण तो लालभडक फुलला होता.

"ते तर माकडंबी ओळखते," राऊंडसाहेब म्हणाले.

मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हटलं, "साहेब, पानं असती तर सांगितलं असतं मी." त्यावर ते म्हणाले, "बीएस्सी, झाड कापनारा पानं ठेवून जात नाई." तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला बीएस्सी याच नावानं हाक मारली.

दिसायला ते काहीच नव्हते. बुटके, काटकुळे, खाकी शर्ट दोन मापं मोठा. शर्टाचा डावा खिसा नेहमी खाली ओढलेला, कारण त्यात लाकडाच्या ढलप्या भरलेल्या. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. त्या नखानं ते साल इतकीशी खरवडत, की झाडाला कळू नये. खाली काय रंग निघतो ते पाहायचं, वास घ्यायचा, मग नख जिभेला लावायचं. साल कडू, तुरट, चिकट, कशीही असो, त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती हलत नसे. झाडाला हात लावण्याआधी मात्र तळवा पँटीला दोन्ही बाजूंनी पुसून घेत. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं होतं. पुढे वर्षभरात मीही तसंच करायला लागले, आणि ते मी घरी पोळ्या करताना आईनं मला दाखवून दिलं.

त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे न सांगणं. "ऐनाची साल कशी असते?" असं विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. ऐनापाशी नेऊन उभं करायचे आणि स्वतः थोडं दूर जाऊन तंबाखू मळत बसायचे. अर्ध्या तासानं यायचे. "सांग." मी सांगायचे, की काळपट आहे, खोल भेगा आहेत, उभ्या-आडव्या, सुसरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेत. "अजून." जाड आहे. "अजून." आतून लालसर. "अजून." मग मी खोडाभोवती आणखी एक फेरी मारली. "कान लाव," ते म्हणाले. मी खोडाला कान लावला. त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर हलकेच ठोकलं. आवाज भरलेल्या माठासारखा आला. उन्हाळ्यात ऐन पोटात पाणी धरून ठेवतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते ऐकू येतं हे पुस्तकात नव्हतं.

हिवाळा संपताना ते फांद्यांकडे वळत. पान गळालं तरी पुढच्या पानाचा डोळा फांदीवर बसलेला असतो. सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते आणि डोळे समोरासमोर जोडीनं असतात. मोहाचे डोळे टोकाशी गर्दी करतात, फांदी मोडली तर चीक येतो. पळसाच्या डोळ्यावर मऊ लव असते. हे ते मला अंधारून आल्यावर शिकवत, मुद्दाम, म्हणजे मी नुसती बोटं वापरीन म्हणून. एकदा अशाच संध्याकाळी वाटेत वाघाचं ताजं पाऊल उमटलेलं होतं. राऊंडसाहेबांनी पावलावर टॉर्च मारला, "आत्ताच गेली वाटते बया," एवढंच म्हणाले आणि शेजारच्या फांदीचा डोळा माझ्या बोटांत दिला. "हा कोन?" त्या दिवशी मी कुडा ओळखला. भीतीनं बोटं एवढी शहाणी होतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता त्यांच्या आणि सरकारच्या भांडणाचं सांगते.

आमच्या खात्याच्या कागदांत झाडांच्या दोनच जाती असतात, साग आणि आडजात. साग तो साग. उरलेली सगळी, म्हणजे ऐन, धावडा, तिवस, हळदू, शिवण, बिजा, जे काही देवानं निर्माण केलं ते, आडजात. मोजणीच्या तक्त्यात तसे दोन रकाने असतात. राऊंडसाहेबांनी उभ्या नोकरीत आडजात हा शब्द लिहिला नाही. तक्त्याला ते खालून कागद चिकटवत आणि प्रत्येक झाडाचं नाव लिहीत. एका मोजणीचा तक्ता त्यांनी पाठवला तो उलगडला तर आमच्या वरच्या रेंजरसाहेबांच्या टेबलावरून खाली लोंबत होता. मग मोबाईलवर ॲप आलं. त्यात तर लिहायची सोयच नव्हती, बोट लावून दोनातलं एक निवडायचं. आम्हाला वाटलं, आता सापडले. तर ह्यांनी खाली शेऱ्याची चौकट शोधून काढली. चष्मा कपाळावर ढकलून, एका बोटानं, एकेक अक्षर दाबत ते तिथं नावं टाकत बसायचे. आम्ही चौघं जण गाडीत बसून त्यांची वाट पाहायचो.

"साहेब, कोण वाचणार आहे ते?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मले काय मालूम," ते म्हणाले. "पन त्याचं नाव त्याले असावं का नाई?"

शहाणपण म्हणाल तर ते फक्त झाडांपुरतं होतं. माणसांत त्यांचा हिशेब नेहमी चुकायचा. रेंज ऑफिसात मोठं नवं टेबल आलं, बैठकीसाठी. यवतमाळहून वरिष्ठ साहेब आले होते, टेबल बनवून देणारा ठेकेदार हात बांधून उभा होता, अस्सल सागाचं टेबल म्हणून सगळे त्यावर हात फिरवून राहिले होते. राऊंडसाहेब खाली वाकले. आम्हाला वाटलं पेन पडला. पण ते टेबलाखाली गेले, तिथून नखाचा आवाज आला, मग हुंगल्याचा. बाहेर येऊन त्यांनी आनंदानं जाहीर केलं, "साहेब, हा कडुनिंब हाये! वरून सागाचं पॉलिश मारलं."

वरिष्ठ साहेबांनी टेबलावरचा हात काढून घेतला. ठेकेदाराचा चेहरा पार पडला. राऊंडसाहेबांना वाटलं आपलं नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी पुढे समजावलं, "चांगलं केलं. कीड नाई लागत त्याले."

ते खरोखर त्याचं कौतुक करत होते. हे पटायला रेंजरसाहेबांना एक वर्ष लागलं असेल.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला राळेगावला मी त्यांना आग्रहानं नेलं होतं. अक्षता पडल्या तेव्हा साहेब मांडवात नव्हते. मागच्या बाजूला आचाऱ्याच्या भट्टीसमोर उकिडवे बसून ते सरपणाचा ढीग वेगळा करत होते. "हे मोवईचं हाये, नुसता धूर देते. हा धावडा घाल, पाह्य कसा आर धरते." आचारीही त्यांचं ऐकून राहिला होता. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, हे तुझे साहेब आहेत की आचाऱ्याचे? पण वरण त्या दिवशी वेळेवर शिजलं, आणि भट्टीचा धूर एकदाही मांडवात आला नाही.

हे सगळं सांगून मी हसवते आहे खरी. पण ज्या गोष्टीमुळे मला ते आठवतात ती हसण्याची नाही, आणि तीत मी चांगली दिसत नाही.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. चैत्र. राऊंडसाहेब तीन दिवस यवतमाळला प्रशिक्षणाला गेले होते. माझ्या बीटात नाल्याच्या काठी मला एक ताजं थूट सापडलं. मोठं झाड कापून नेलेलं, शेंडाफांद्याही गायब, जमिनीपासून गुडघाभर बुंधा उरलेला. त्यातून लाल डिंक गळून थिजला होता, अगदी रक्तासारखा. बिजाला कापलं की लाल डिंक येतो हे मला पाठ होतं. मी पंचनाम्यात लिहिलं, बिजा. आमच्याकडे बिजाचं मोठं झाड आता क्वचित दिसतं. माझं डोकं तापलं.

त्याच दिवशी दुपारी मी जवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर गेले. पोड म्हणजे त्यांची वस्ती, वीस-बावीस घरं. मारोती नावाच्या माणसाच्या अंगणात बैलगाडीवर एक ओंडका होता. ताजा. साल अर्धी काढलेली, आतला गाभा पिवळा-तपकिरी, ओल्या जागी हात लावला तर हाताला पिवळा डाग पडला. मी विचारलं, "हे लाकूड कशाचं?" तो लपवायला काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. तो सरळ म्हणाला, "बिजा हाये, मॅडम."

"कुठून आणलं?"

"माह्या बांधावरचं. मागच्या वादळानं उपडलं. चला, दाखवतो."

बांध दोन किलोमीटरवर होता. दुपारचे दोन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि मला जे हवं ते मिळालं होतं. थूट बिजाचं, ओंडका बिजाचा. तो पुन्हा म्हणाला, "मॅडम, एकदा पाहून तर घ्या." मी गेले नाही. मी फोन केला. संध्याकाळपर्यंत ओंडका, गाडी आणि बैलजोडी रेंज ऑफिसच्या आवारात आली, आणि मारोती व्हरांड्यात बसला. दुसऱ्या दिवशी त्याला पांढरकवड्याच्या कोर्टात उभं करायचं होतं. गाडी-बैल सरकारजमा होणार हे तर ठरलेलंच. पुढे वखरणीचे दिवस होते आणि त्याच्याकडे ती एकच जोडी होती.

रेंजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली. ग्रुपवर माझा फोटो पडला, एका बाजूला ओंडका, एका बाजूला मान खाली घालून मारोती, मध्ये मी. खाली 'शाब्बास वाघीण' असं कोणीतरी लिहिलं. मी तो फोटो घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच राऊंडसाहेब परत आले. माझे कागद त्यांनी उभ्याउभ्या वाचले.

"थुटाची साल कशी होती?"

"साहेब, लाल डिंक होता. हा एवढा."

"मी साल विचारली."

मला आठवेना. मी ती पाहिलीच नव्हती. लाल रंग दिसल्यावर मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. त्यांनी मोटरसायकल काढली, मला मागे बसवलं आणि नाल्याशी नेलं. थुटाजवळ मला उभं केलं आणि नेहमीसारखे दूर जाऊन बसले. पण त्या दिवशी त्यांनी तंबाखू मळला नाही.

मी तळवा पुसला आणि सालीवर ठेवला. ओंडक्याची उरलेली साल मला आठवत होती, जाडजूड, पिवळट, लांब उभ्या चिरा पडलेली. ही तशी नव्हती. ही पातळ होती, काळसर, चिरा वेड्यावाकड्या. मी खाली बसले. कापलेल्या तोंडावर बोट ओलं करून घासलं. पिवळा डाग पडायला हवा होता. पडला नाही.

लाल डिंक बिजाला येतो, तसा तिवसालाही येतो. हेही मला पाठ होतं. त्या दुपारी ते मला आठवायचं नव्हतं.

"कोन होय?" राऊंडसाहेबांनी दुरून विचारलं.

"तिवस," मी म्हटलं.

त्यांनी थुटाची एक ढलपी काढून खिशात टाकली. परत येताना टपरीवरून चहाचे दोन काचेचे ग्लास मागून घेतले. रेंज ऑफिसात रेंजरसाहेब, दोन गार्ड, व्हरांड्यातून आत बोलावलेला मारोती, सगळे उभे होते. राऊंडसाहेबांनी खिडकीत रेंजरसाहेबांची काळी डायरी उभी केली, तिच्यापुढे दोन ग्लास ठेवले, त्यात माठातलं पाणी ओतलं. एकात थुटाची ढलपी किसून टाकली. दुसऱ्यात ओंडक्याची. मग तंबाखूच्या डबीतून नखाच्या टोकावर तिळाएवढा चुना घेऊन दोन्हींत ढवळला आणि मागे सरकले.

आम्ही पाहत राहिलो. चार-पाच मिनिटं गेली असतील. थुटाच्या ग्लासातलं पाणी गढूळ, मळकट झालं आणि तसंच राहिलं. ओंडक्याच्या ग्लासातलं आधी पिवळं झालं, फिक्या चहासारखं. "आता इकडून पाह्या," राऊंडसाहेब म्हणाले आणि त्यांनी आम्हाला खिडकीच्या बाजूनं उभं केलं.

पाणी निळं होतं. त्यात रंग टाकलेला नव्हता, तरी निळं. ऊन त्यात शिरत होतं आणि आतून निळं होऊन बाहेर पडत होतं. डोकं जरा हलवलं की पिवळं, परत आणलं की निळं. मी इतकी वर्षं शिकले होते आणि असं काही असतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर मी मारोतीला विसरले, बैलांना विसरले, स्वतःला विसरले. लाकडाच्या चिमूटभर भुशात असं काही लपलेलं असेल, आणि ते जगाला न सांगता उभ्या आयुष्यभर झाड नुसतं बांधावर उभं राहील, याचं मला भय वाटलं म्हटलं तरी चालेल.

"हा बिजा," राऊंडसाहेब म्हणाले. "अन् तो तिवस. त्या थुटाचं हे लाकूड नाई. मानूस सोडा."

बांधावर मग आम्ही गेलोच. वादळानं मुळासकट उपडलेलं बिजाचं झाड तिथं आडवं पडलेलं होतं, मधला तुकडा कापून नेलेला. मारोती दोनदा म्हणाला होता तसंच.

रेंजरसाहेब भला माणूस. त्यांनी सुचवलं, "तपासात पुरावा मिळाला नाही असं लिहून टाकू. पोरीची नवी नोकरी आहे." राऊंडसाहेब म्हणाले, "पुरावा तर मिळाला." मग माझ्याकडे वळून, "ओळख चुकली असं लिही. झाडाचं नाव लिही, मानसाचं नाव लिही." मी लिहिलं. लिहिताना मला त्यांचा इतका राग आला होता की पेननं कागद दोन ठिकाणी फाटला. ग्रुपवरचा फोटोही मीच काढायला लावला, आणि का काढला तेही तिथं लिहिलं.

दुपारी मारोतीनं गाडी जुंपली. त्यानं मला बस म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बसले नसते. गाडीमागे मी पायी निघाले. पाहते तर राऊंडसाहेबही मोटरसायकल तशीच ठेवून चालायला लागले होते. मला वाटलं माझ्या सोबतीला येताहेत. सहा किलोमीटरची वाट होती. मधेच टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती.

पोडावर मारोतीचा म्हातारा बाप बाजेवर बसला होता. वाळक्या शेंगेसारखा माणूस. त्यानं आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मग पोराकडे पाहिलं, मग कोलामीत दोन शब्द विचारले. मारोतीनं सांगितलं. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, चूक माझी झाली. मी झाड ओळखलं नाही."

म्हातारा म्हणाला, "तिवस होता का?"

"हो."

त्यानं हनुवटीनं राऊंडसाहेबांकडे दाखवलं. "हाबी असाच चुकला होता."

मला कळलं नाही. राऊंडसाहेब कुंपणाशी उभे होते, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

"तवा हा तुयाएवढा असन," म्हातारा सांगू लागला, जसं काही दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी. "थूट तिवसाचं, यानं लिवला बिजा. मी घरी बिजा चिरून राह्यलो होतो. घेऊन गेला मले. चार महिने आत होतो. बैल गेले ते आलेच नाई."

मी राऊंडसाहेबांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील याची वाट पाहिली.

"खरं हाये," ते म्हणाले. "त्याच्या बांधावर गेलो नाई मी. ऊन होतं."

"मंग सुटून आलो अन् याच्या क्वार्टरवर गेलो," म्हातारा म्हणाला.

"भांडायला?" मी विचारलं.

"नाई वं. दोन गिलास घेऊन गेलो, अन् दोन ढलप्या." तो हसला, तोंडात दोनच दात होते. "पानी निळं झालं तवा हा रडला. मंग म्या याले दर उन्हाळ्यात फिरोलं. पानं गळली की फिरोलं. साल दाखोली, डोळे दाखोले. लय मठ्ठ होता. सात-आठ उन्हाळे लागले."

ज्या माणसापुढे मी दोन वर्षं तोंडात बोट घालून उभी होते, ज्याचं नख, ज्याची जीभ, ज्याचं न सांगणं मी देवासारखं मानलं होतं, तो सगळा या बाजेवरच्या माणसानं घडवला होता. आणि कोणाला? ज्यानं त्याचे चार महिने आणि बैल घालवले त्याला. मी विचारलं, "बाबा, पण तुम्ही त्यांना कायले शिकवलं?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

म्हातारा माझ्याकडे असा पाहायला लागला जसं मी अगदीच साधी गोष्ट विचारली असावी.

"याची बदली थोडीच झालती," तो म्हणाला. "हा अथीच राह्यनार होता. उद्या दुसऱ्या कोनाले घेऊन गेला असता."

मारोतीनं बैल सोडून दाव्याला बांधले. त्याच्या बायकोनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले. निघताना म्हाताऱ्यानं मला हाक मारली.

"तुयीबी बदली नाई ना इतक्यात?"

"नाही."

"मंग उद्या ये सकाळी."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी पोडावर गेले. राऊंडसाहेब माझ्या आधीच येऊन बाजेपाशी जमिनीवर बसले होते.